अकरावा कप्पा

माणसाने आयुष्यात एकदा तरी सगळे पाश तोडून, पाठीवर मावेल तेवढंच सामान घेऊन, ओळखीचा एकही चेहरा दिसणार नाही अशा मुलखात एकट्याने हिंडलं पाहिजे. हे विश्वासराव उपळेकरांचं मत होतं आणि ते त्यांनी 'मधुमालती सोसायटी, बी विंग' या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी सव्वापाचला टाकलं होतं. खाली सत्तावीस अंगठे आले. एकाने पुष्पगुच्छ टाकला, कारण त्याला वाटलं, कुणाचा तरी वाढदिवस आहे.

विश्वासरावांचं वय चौपन्न. विमा कंपनीत एकोणतीस वर्षं बसून त्यांनी लोकांना, घराबाहेर पाऊल टाकलं की काय काय होऊ शकतं, हे समजावून सांगितलं होतं. त्याच कंपनीतून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर आठव्या दिवशी त्यांनी जाहीर केलं, की आपण एकवीस दिवस पाठीवर सॅक टाकून फिरणार. आधी सिंगापूर, तिथून बसने सीमेपलीकडचं मलाक्का, पुढे पाय नेतील तिकडे! हॉटेल नाही, टूर नाही, टूरबरोबर वरणभात करणारे महाराज नाहीत. आणि मुख्य म्हणजे ओळखीचं कुणी नाही.

"नातेवाईक नाही, मित्र नाही, मित्राचा मेहुणा नाही!" ते अरुणाबाईंना म्हणाले. "ओळखीच्या घरचं एक जेवणसुद्धा अख्खा प्रवास बाटवतं."

"बरं," अरुणाबाई म्हणाल्या. "मग मेधाकडे एवढी भाजणी तेवढी देऊन या."

मेधा आणि प्रबोध हे बारा वर्षं समोरच्याच फ्लॅटमध्ये राहत होते. दोन घरांमध्ये साखरेची वाटी, इस्त्री आणि गच्चीची किल्ली इतक्या वेळा इकडून तिकडे झाली होती, की कुठली वाटी मूळ कुणाची हे आता कुणालाच सांगता आलं नसतं. नऊ वर्षांपूर्वी प्रबोधला सिंगापुरात बुओना व्हिस्टाच्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली आणि मंडळी क्वीन्सटाउनला राहायला गेली. वाटी घेऊनच.

"मी आत्ता काय सांगितलं, अरुणा?"

"तुम्ही जेवू नका ना! खाली बोलवा, हातात द्या नि पळा. भाजणीने प्रवास बाटत नाही."

आता या सॅकबद्दल थोडं सांगायला हवं. ती घेताना दुकानातल्या माणसाने तिचे अकरा कप्पे एकेक चेन उघडून दाखवले होते. विश्वासराव त्या वेळी आरशासमोर टोप्या घालून बघत होते आणि प्रत्येक चेनला, मागे न बघता, "माहितीये, माहितीये" म्हणत होते. अकरावा कप्पा अगदी तळाशी, एका पट्टीच्या मागे होता. "हा कुणाच्या लक्षातच येत नाही," दुकानदार म्हणाला. शेजारी उभ्या असलेल्या अरुणाबाईंच्या तेवढा लक्षात राहिला.

निघायच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी दोन किलो भाजणी दुधाच्या धुऊन वाळवलेल्या पिशव्यांमध्ये भरली, पिशवीत पिशवी, तिच्यात पिशवी, वर रबर, आणि त्या कप्प्यात सरकवून दिली. दुधाच्या पिशवीचा एक कोपरा कापलेला असतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण कोरड्या भाजणीला कोपऱ्याचं काय भय!

"तळाशी ठेवलीय हं," त्यांनी सांगितलं.

"माहितीये," विश्वासराव म्हणाले.

*

सिंगापुरात, लिटल इंडिया भागातल्या हॉस्टेलमध्ये एका खोलीत बारा जण होते आणि विश्वासरावांना वरची कॉट मिळाली. तिथे चढायला जी शिडी होती ती गुडघा नावाचा अवयव नसलेल्या माणसांसाठी केलेली असावी. खाली एक डच गृहस्थ घोरत होता. कोकणातल्या एसटीने घाट चढावा तसा! पण विश्वासराव खूष होते. या खोलीत त्यांना 'उपळेकर, जरा बघता का?' म्हणणारं कुणी नव्हतं. गुरुवारी सकाळची मलाक्काची बस, खिडकीची जागा, तिकीट खिशात. मध्ये फक्त एक भाजणी.

रविवारी सकाळी दहाला सॅक पाठीवर टाकून ते एमआरटीने, म्हणजे तिथल्या मेट्रोने, क्वीन्सटाउनला उतरले, इमारतीच्या तळमजल्यावरच्या मोकळ्या जागेत उभे राहिले आणि त्यांनी फोन केला. प्रबोध जवळच्या हॉकर सेंटरवरून, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतून, कॉफी घेऊन समोरूनच येत होता. दोरी बांधलेल्या प्लॅस्टिकच्या पिशवीतली कॉफी बोटाला लटकत होती.

"विश्वासराव! अहो, हे काय? पाठीवर काय, दाढी काय? वहिनी कुठायत?"

"नाही आणलं तिला. एकटाच निघालो. सगळं सोडून!"

बोटावरची कॉफी हलायची थांबली.

"म्हणजे... नोकरी?"

"सोडली."

"आणि उतरलात कुठे?"

"लिटल इंडियात. एका खोलीत बारा जण. वरची कॉट मिळाली!"

"अरे देवा. किती दिवस?"

"ठरवलंच नाही! परतीचं तिकीट काढलेलं नाही, प्रबोध. आता मागे वळून बघणं नाही!"

हे वाक्य विश्वासरावांनी विमानात पाठ केलं होतं. ते ऐकून प्रबोधच्या डोळ्यांत पाणी तरळलं. विश्वासरावांना ते असूयेचं वाटलं आणि फार बरं वाटलं.

"वर चला आधी."

"छे छे! अरुणाने तुमच्यासाठी दिलंय एक, ते तुमच्या हवाली केलं की मी सुटलो."

"ते... ते वर बसून बघू," प्रबोध हळू आवाजात म्हणाला. "असं उघड्यावर नको."

भाजणीला एवढा आडपडदा कशाला, हे विश्वासरावांना कळेना. त्यांनी तिथेच सॅक उघडून तळापर्यंत हात घातला. सहा बनियन, एक शिट्टी, ओला टॉवेल, मच्छरदाणी. भाजणी नाही! ते पुन्हा हात घालणार एवढ्यात प्रबोधने सॅक उचलली, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि आजारी माणसाला नेतात तसं त्यांना लिफ्टमध्ये घेतलं.

वर मेधाने दार उघडलं. प्रबोधने तिच्या कानात काहीतरी सांगितलं. तिचा चेहरा उतरला, मग एकदम ताठ झाला.

"बारा जणांच्या खोलीत झोपलात, भावजी? ढेकूण!"

"अगं मेधा, ढेकूण वगैरे..."

"ढेकूण! काही बोलू नका. काढा ते कपडे!"

पंधरा मिनिटांत विश्वासराव प्रबोधच्या बर्म्युडामध्ये सोफ्यावर बसले होते. प्रबोधची कंबर आणि विश्वासरावांची कंबर यांच्यात बी विंगच्या दोन मजल्यांएवढा फरक असल्यामुळे बसूनच राहणं भाग होतं. कपडे मशीनमध्ये गेले, पासपोर्ट "सुरक्षित" म्हणून मेधाच्या लॉकरमध्ये गेला, आणि रिकामी केलेली सॅक कढत पाण्याच्या टबात तासभर बुडवून, चोळून, स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कपडे वाळत घालायच्या बांबूवर अकराव्या मजल्यावर लटकली. काढताना मेधाला ती चांगलीच जड लागली. पाणी प्यायल्यावर सॅक जड होणारच, असं तिला वाटलं.

"सगळं नीट काढलंस ना आतलं?" विश्वासरावांनी सहज म्हणून विचारलं.

"सगळं! एकूण एक."

म्हणजे भाजणी मिळाली. विश्वासरावांना हुश्श झालं. आता ती मिळाल्याचं मेधा स्वतःहून काही बोलली नाही, तर आपण कसं विचारायचं? दिलेली वस्तू पोचली का असं विचारणं म्हणजे आभार वसूल करणं. हा उपळेकरांच्या घरचा कायदा होता. माणूस सगळे पाश तोडू शकतो, पण हा नाही.

"सॅक वाळली की मी निघतो," ते म्हणाले.

"हो, हो," मेधा मायेने म्हणाली. "कुठे जायचंय घाईने!"

*

आता वाचकांना थोडं स्वयंपाकघरात न्यायला हवं, कारण विश्वासराव तिथे येऊ शकत नव्हते. बर्म्युडा धरून चालणं त्यांना जमत नव्हतं.

"घर सोडून आलेत," प्रबोध कुजबुजला. "स्वतःच्या तोंडाने सांगितलं. म्हणे, मागे वळून बघणार नाही. आणि वहिनींनी काहीतरी दिलंय. घटस्फोटाचे कागद असणार."

"कागद नव्हते सामानात. मी बघितलं ना सगळं! फाडून टाकले असतील." मेधाने डोळ्यांना पदर लावला असता, पण टीशर्टला पदर नसतो. "अरे, सामान बघ काय ते! सहा बनियन आणि शिट्टी. नीट विचार करून निघालेला माणूस शिट्टी घेईल का?"

मेधाने पुण्याला फोन लावला. अतिदक्षता विभागाच्या बाहेर जो आवाज लावतात, तो लावून ती म्हणाली,

"अरुणाताई, कशा आहात?"

"मजेत गं! घर कसं शांत वाटतंय. तीस वर्षांत पहिल्यांदा रिमोट माझ्या हातात आहे."

"मन अगदी घट्ट केलंत."

"केलं बाई! पोचले का ते?"

"आमच्याकडेच ठेवून घेतलंय त्यांना."

"ठेव, ठेव! म्हणावं, परत यायची अजिबात घाई करू नका."

मेधाने प्रबोधकडे बघून मान हलवली. प्रकरण इथवर गेलं होतं!

"अरुणाताई, असं तोडून बोलू नका. एकदा येऊन जा. प्रबोधचे विमानाचे पॉइंट पडून आहेत, तिकीट आम्ही काढतो. समोरासमोर बसू. उशीर झाला ना, की माणसं कायमची दुरावतात हो!"

पलीकडे अरुणाबाईंना गलबलून आलं. नऊ वर्षं परदेशात राहून ही पोरगी एवढी एकटी पडली आहे आणि आपण नुसती भाजणी पाठवतो! मागच्या दिवाळीत सिंगापूरची एक टूर ऐनवेळी रद्द झाली होती, तिच्यासाठी काढलेला व्हिसा दोघांचाही अजून शिल्लक होता.

"येते," त्या म्हणाल्या. "तुझ्यासाठी येते."

भाजणीबद्दल त्यांनी अर्थातच विचारलं नाही. कायदा त्यांच्याही घरी तोच.

*

सोमवारी विश्वासरावांचे कपडे वाळले, सॅक काही वाळली नाही. सिंगापूरची हवाच दमट. मेधाने ती पंख्याखाली, आर्याच्या खोलीत आणून ठेवली. याच खोलीत विश्वासरावांची व्यवस्था होती. आर्या ही मेधा-प्रबोधची पंधरा वर्षांची मुलगी. शाळेला सुट्टी होती, म्हणून ती हॉलमध्ये झोपत होती. तिच्या पलंगाला वर-खाली दोन कॉट होत्या. विश्वासरावांनी वरच्या कॉटचा, टेडी बेअर वगळून, फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. 'हॉस्टेल. इथे सगळे समान.' चोवीस अंगठे.

मग ते एकटेच शहर बघायला निघाले. दारात आर्या बूट घालून उभी.

"काका, आय कम विथ यू," ती आपल्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली.

"अगं, मी एकटा फिरणारा माणूस आहे!"

"एकटं कॅनॉट, लाह! मम्मी विल किल मी."

मुलीला प्रवासाची आवड दिसते, असं समजून विश्वासरावांनी तिला दिवसभर एकट्याने फिरण्याचे फायदे सांगितले. मरीनाच्या पुलावर ते पाण्याचा फोटो घ्यायला कठड्यावरून जरा वाकले मात्र, आर्याने मागून त्यांचा पट्टा दोन्ही हातांनी धरला.

"काका, डोन्ट! लाइफ इज गुड, वॉट!"

"आहेच मुळी!" विश्वासराव म्हणाले. वयाच्या मानाने पोर फार विचारी निघाली होती.

येताना त्यांनी हॉकर सेंटरवर एकट्याने, अनोळखी माणसांत बसून, बोटाने दाखवून एक सूप घेतलं. त्यांचा पहिला स्वतंत्र घास! तो घशाखाली उतरेपर्यंत मेधा डबा घेऊन तिथे पोचली होती. आर्याने मेसेज केला होता.

"बाहेरचं कशाला, भावजी? तुमच्या आवडीची अळूची भाजी केलीय."

"मेधा, खरं सांगू?" विश्वासराव सुस्कारा टाकून म्हणाले. त्यांना वाटलं, आडून का होईना, भाजणीचा विषय काढावा. "अळूची भाजी छानच. पण राहून राहून अरुणाच्या हातच्या थालीपीठाची आठवण येते बघ."

मेधाने डबा खाली ठेवला. तिचे डोळे भरून आले.

"येणारच," ती म्हणाली. "सगळं ठीक होईल."

थालीपीठ झालं नाही. मंगळवारी नाश्त्याला पोहे आले. विश्वासरावांनी ओळखलं, की मेधाला भाजणी आवडलेली नाही.

*

मंगळवारी आणखी एक गोष्ट आली. वास.

आधी तो इडलीच्या पिठासारखा होता, दुपारी इडलीच्या पिठाला कुणीतरी विसरल्यासारखा झाला, आणि संध्याकाळपर्यंत त्याला स्वतःचं असं व्यक्तिमत्त्व आलं. तो आर्याच्या खोलीतून निघून हॉलमध्ये येऊन बसायचा. कुणी काही बोललं नाही! मेधाने तीन उदबत्त्या लावल्या, मग कापूर लावला. परदेशात राहून ही मंडळी किती धार्मिक झाली, असं विश्वासरावांना वाटलं. वास त्यांनाही येत होताच. सिंगापुरात ड्युरियन नावाचं एक भयंकर वासाचं फळ मिळतं, हे त्यांनी वाचलं होतं. मंडळी ते चोरून खात असणार. खाईनात! दुसऱ्याच्या घरच्या वासाबद्दल बोलू नये.

इकडे मेधाच्या मते वास भावजींचा होता, आणि दिवसातून दोनदा आंघोळ करूनही तो जात नव्हता, म्हणजे दुखणं मनाचंच. म्हणून रात्रीच्या जेवणाला दीक्षा आली. दीक्षा नोव्हेनाच्या एका हॉस्पिटलात मनोविकारतज्ज्ञ होती, मूळची नागपूरची. विश्वासरावांना मात्र ती "आमची मैत्रीण, प्रवासाची फार हौस आहे हिला" अशी सांगण्यात आली.

"काका, घरून निघावं असं किती दिवसांपासून वाटून राहिलं होतं तुम्हाला?" दीक्षाने वरण वाढून घेत विचारलं.

"दिवस? अहो, तीस वर्षांपासून!"

प्रबोधचा घास हातातच राहिला.

"झोप येते?"

"वरच्या कॉटवर? डोळ्याला डोळा नाही!"

"आणि पुढे काय ठरवलं?"

"गुरुवारी मलाक्का! तिथे मला ओळखणारं कुणी नाही. मग तिथून पुढे असा नाहीसा होईन, की कुणाला पत्ता लागायचा नाही!"

मेधाच्या हातून आमटीचा डाव पातेल्यात पडला. आर्या म्हणाली, "सी?"

विश्वासराव रंगात आले होते. त्यांनी हॉस्टेलची शिडी सांगितली, डच गृहस्थाचं घोरणं करून दाखवलं, मग विमा कंपनी सांगितली, मग बी विंगचा पाण्याचा प्रश्न सांगितला. दीड तासाने दीक्षा हात धुवायला उठली तेव्हा मेधा तिच्या मागे धावली.

"काय वाटतं गं?"

"ताई, यांना काही झालेलं नाही," दीक्षा म्हणाली. "एकटं राहायचं असं म्हणून राहिले, पण बोलायला चार माणसं लागतात यांना. बस, इतकंच!"

"आणि तो वास?"

दीक्षाने नाक हुंगलं. "वास खरा आहे. पण तो माझा विषय नाही."

*

बुधवारी दुपारी प्रबोध अर्ध्या दिवसाची रजा टाकून घरी आला. हॉलमधल्या खुर्च्या गोल मांडल्या होत्या. विश्वासराव कुणाचा तरी सत्कार असेल म्हणून भांग पाडून बसले. उद्या सकाळी बस! सॅक अजून ओलीच होती, पण आता ओली तर ओली. पासपोर्ट कसा मागायचा याची वाक्यं ते मनाशी जुळवत होते.

दार उघडलं आणि अरुणाबाई आत आल्या. हातात चाकांची छोटी बॅग.

"तू?" विश्वासराव उभेच राहिले. "इथे?"

त्यांच्या डोळ्यांपुढे सगळं कोसळलं. एकवीस दिवस, अनोळखी मुलूख, तोडलेले पाश. आणि पाचव्या दिवशी खुद्द मुख्य पाश दारात उभा!

"बसा दोघंही," मेधा म्हणाली. "अरुणाताई, मी लहान आहे, पण बोलते. झालं गेलं विसरा. तीस वर्षांचा संसार असा मोडायचा नसतो."

"कुणाचा?" अरुणाबाईंनी विचारलं.

"वहिनी, विश्वासरावांनी सगळं सांगितलंय मला," प्रबोध म्हणाला. "घर सोडलं, नोकरी सोडली, मागे वळून बघणार नाही म्हणाले."

अरुणाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याने प्रबोधकडे पाहिलं.

"अहो, हे फिरायला आलेत!" अरुणाबाई म्हणाल्या. "एकवीस दिवसांसाठी! परत येणारेत. मोतीबिंदूची तारीख आहे त्यांची."

"म्हणजे चार दिवस," विश्वासरावांचा आवाज चिरकला, "चार दिवस तुम्ही मला बायकोने टाकलेला समजत होतात?"

"छे छे!" प्रबोध गडबडीने म्हणाला. "बायकोला टाकून आलेला."

"आणि ही तुझी प्रवासाची आवडवाली मैत्रीण..." विश्वासराव मेधाकडे वळले.

"डॉक्टर आहे ती," मेधा पुटपुटली. "पण रिपोर्ट चांगला आलाय, भावजी! काही झालेलं नाही तुम्हाला."

अरुणाबाई हसायला लागल्या. त्या बसल्या जागी हसल्या, मग भिंतीला टेकून हसल्या, मग मेधाला मिठी मारून दोघी रडल्या आणि पुन्हा हसल्या. "आणि मला वाटलं, तूच इथे एकटी पडलीस!" हसता हसता अरुणाबाई अचानक थांबल्या. त्यांनी नाक वर केलं.

"हा वास कसला?"

सगळे जमिनीकडे बघायला लागले.

"आंटी, डोन्ट आस्क, लाह," आर्या म्हणाली. "मम्मी सेज वी मस्ट नॉट मेन्शन."

"ड्युरियन," विश्वासराव मोठ्या मनाने म्हणाले. "असू दे. ज्याची त्याची आवड."

"आमच्या घरात ड्युरियन? कधीच नाही!" मेधा उसळली. "आम्हाला वाटलं, भावजी..."

अरुणाबाई कुणाचं ऐकत नव्हत्या. त्या सरळ आर्याच्या खोलीत गेल्या. पंख्याखालच्या सॅकपाशी वाकल्या, तळाची पट्टी वर केली, अकरावी चेन ओढली आणि दोन बोटांनी एक दुधाची पिशवी बाहेर काढली. तिच्या कापलेल्या कोपऱ्यातून काहीतरी हळूहळू, स्वतःच्या मनाने, बाहेर येत होतं.

भाजणी कोमट पाण्यातच भिजवायची असते. ही कढत पाण्यात भिजली होती, मग अकराव्या मजल्यावर उन्हात शेकली होती, मग तीन दिवस पंख्याखाली मुरली होती.

"पोचली म्हणायची," अरुणाबाई म्हणाल्या.

"म्हणजे तुला मिळालीच नाही?" विश्वासरावांनी मेधाला विचारलं. "मग विचारायचंस ना!"

"मला काय माहीत काही दिलंय ते? तुम्ही सांगायचंत ना!"

"असं कसं सांगणार?" विश्वासराव म्हणाले, आणि खोलीतल्या सगळ्या मोठ्या माणसांना ते पटलं. आर्या तेवढी म्हणाली, "वाय यू ऑल लाइक धिस?"

अरुणाबाईंनी नवऱ्याकडे वळून फक्त एवढंच विचारलं, "तळाशी ठेवलीय म्हटलं, तेव्हा काय म्हणालात?"

काय म्हणालो होतो, ते विश्वासरावांना माहीत होतं.

*

सॅक पुन्हा टबात गेली. या वेळी दोन पाण्यांतून, ब्रशने घासून.

"उद्याचं काय मग?" प्रबोधने विचारलं. "माझी चाकांची बॅग घेऊन जा, विश्वासराव. बस तरी चुकायची नाही."

हो म्हणायची संधी होती. पण विश्वासरावांना बी विंग आठवली. सत्तावीस अंगठे आठवले.

"प्रबोध," ते ताठ होऊन म्हणाले, "चाकांची बॅग ओढत जातो तो पाहुणा. पाठीवर घेऊन जातो तो प्रवासी! सॅक नसेल तर मी जाणार नाही."

"मग मी जाते," अरुणाबाई म्हणाल्या. "मला चाकं चालतात. तिकीट कशाला वाया घालवायचं?"

"मीही येते!" मेधा म्हणाली. "समेटासाठी म्हणून तीन दिवसांची रजा काढून ठेवलीय मी. समेट तर अर्ध्या तासात उरकला."

विश्वासराव तोंड उघडेपर्यंत आर्याने मोबाईलवर बसच्या तिकिटावरचं नाव बदललं होतं आणि शेजारची जागाही धरली होती. खिडकी अरुणाबाईंना.

गुरुवारी सकाळी दोघी गेल्या. पाठीवर काहीही न घेता. दाराशी मेधाने लॉकरची किल्ली विश्वासरावांच्या हातात दिली. "पासपोर्ट आत आहे, भावजी. आता तुम्ही मोकळे!" प्रबोध बुओना व्हिस्टाला गेला, आर्या क्लासला गेली. नऊ वाजता घरात विश्वासराव एकटे होते. पूर्णपणे एकटे, परक्या देशात, ओळखीचा एकही चेहरा समोर नाही. त्यांनी पोहे गरम करून घेतले.

संध्याकाळी ग्रुपवर विचारणा झाली. 'विश्वासराव, आज कुठे?' अरुणाबाईंनी नुकताच मलाक्काच्या नदीचा एक फोटो त्यांना पाठवला होता, लाल छपरं, मधून नाव. विश्वासरावांनी खिडकीबाहेर बांबूवरून ठिबकणाऱ्या सॅककडे पाहिलं, थोडा विचार केला, तो फोटो ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिलं, 'एकटाच!'

एकतीस अंगठे आले. पहिला अरुणाबाईंचा होता.

सॅक वाळायला चार दिवस लागले.